सवलत दिलीत, आता हिशेबही मागा

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
तसेच पुण्यातील सर्व वास्तुरचनाकार आणि बांधकाम व्यावसायिक यांस,

सविनय नमस्कार.

इमारतींमधल्या वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या यंत्रणा आखणं आणि बसवून देणं हा माझा व्यवसाय आहे. गेल्या काही वर्षांत त्याला आणखी एका कामाची जोड मिळाली आहे. 'ग्रीन' आणि 'स्मार्ट' म्हणून विकल्या गेलेल्या इमारतींमध्ये बंद पडलेल्या यंत्रणा पुन्हा चालू करून देण्याचं हे काम. बाणेर, बावधन, खराडी, उंड्री अशा भागांतल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी फोन करतात, मी जाते, आणि बहुतेक ठिकाणी तीच स्थिती दिसते. मानांकनाचा फलक प्रवेशद्वाराशी दिमाखात लावलेला असतो आणि ज्या यंत्रणांमुळे तो मिळाला त्यांच्या खोलीला कुलूप असतं.

आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. हरित इमारत म्हणून ज्या प्रकल्पाला सार्वजनिक सवलत मिळते, त्याने प्रत्यक्षात किती वीज आणि किती पाणी वापरलं हे दरवर्षी जाहीर व्हावं, आणि सवलतीचा मोठा भाग त्या आकड्यांवर ठरावा.

सवलत किती मोठी आहे ते आधी पाहू. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, हरित इमारतींना वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात जास्तीचं बांधकाम, मिळतो. 'गृहा' आणि आयजीबीसी या हरित मानांकन देणाऱ्या दोन व्यवस्था आहेत. 'गृहा'चे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयवर 3 टक्के, चार तारे किंवा गोल्ड असेल तर 5 टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनम असेल तर 7 टक्के. टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. 10,000 चौरस मीटरचा भूखंड आणि मूळ एफएसआय 1.10 धरा. बांधकाम होतं 11,000 चौरस मीटर. त्याचे 7 टक्के म्हणजे 770 चौरस मीटर, जवळपास 8,300 चौरस फूट. चौरस फुटाला 10,000 रुपये भाव धरला, तर सव्वाआठ कोटींहून जास्त किमतीची जागा या एका मानांकनावर मिळते.

सवलत देण्याला माझा विरोध नाही. चांगलं बांधणाऱ्याला शहराने काही द्यावं, हे योग्यच आहे. कबूल केलेलं मानांकन मिळवता आलं नाही तर दंडाची तरतूदही नियमात आहे. पण मानांकन ठरतं ते मुख्यतः आराखडे, संगणकावरची गणितं, साहित्याची बिलं आणि काम पूर्ण होतानाची पाहणी यांवर. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की व्यवहार संपतो. इमारत मात्र पुढे पन्नास-साठ वर्षं उभी राहणार असते. वाढीव क्षेत्र विकून झालेलं असतं आणि यंत्रणा चालवण्याचा भार अशा सोसायटीवर येतो, जिच्या कमिटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा, जवळून पाहिलेला माणूस क्वचितच असतो.

एसटीपीचंच उदाहरण सविस्तर सांगते, कारण तिथे हे सगळं स्पष्ट दिसतं. सांडपाणी शुद्ध करण्याचं मुख्य काम जिवाणू करतात. त्यांना रोज पुरेसा मैला हवा आणि ब्लोअरची हवा हवी. यंत्रणेची क्षमता ठरते सगळे फ्लॅट भरले आहेत असं धरून. ताबा मिळाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं निम्मे फ्लॅटसुद्धा भरलेले नसतात. जिवाणूंना खाद्य कमी पडतं, टाकीत ते तग धरत नाहीत, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला वास येऊ लागतो. तेच पाणी फ्लशच्या टाक्यांत चढतं. रहिवासी चिडतात, मीटिंगमध्ये आवाज चढतात आणि कमिटी फ्लशच्या लाइनला साधं पाणी जोडून मोकळी होते. पाणी वापरायचंच नाही तर ब्लोअरचं बिल कशाला भरायचं, म्हणून ब्लोअर बंद होतो. मग ऑपरेटरलाही निरोप मिळतो. मैलापाणी थेट ड्रेनेजला जातं, आणि मार्च उजाडला की गेटवर टँकरची रांग लागते.

यात कमिटीला दोष देणं मला पटत नाही. एसटीपी दोन टप्प्यांत उभारता येतो. अर्धी क्षमता आधी, उरलेली फ्लॅट भरतील तशी. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, तरी ते क्वचित होतं, कारण भोगवटा घेताना पूर्ण क्षमता दाखवायची असते आणि पुढे यंत्रणा किती दिवस चालली हे विचारायला कोणी येत नाही. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातल्याच नव्हे, सेवांमधल्या दोषांचीही जबाबदारी विकासकावर आहे. पण दोष सिद्ध करायला नोंदी लागतात. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी असलेल्या सोसायट्या मला फारच थोड्या भेटल्या.

स्मार्ट यंत्रणांचंही असंच होतं. पंप, दिवे, लिफ्ट, चिलर यांच्यावर एका जागेवरून लक्ष ठेवणारी बीएमएस ही मोठी उपयोगाची गोष्ट आहे. मध्यरात्री दोन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना, पाण्याचा मीटर फिरत असेल तर कुठे तरी गळती आहे हे ती लगेच दाखवते. पण एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपते, सॉफ्टवेअरचा परवाना संपतो, पासवर्ड कंत्राटदाराकडेच राहतो आणि वॉचमनच्या केबिनमधला तो पडदा काळा होतो. निवासी इमारतीत मोबाइल अॅपवर उघडणारे दरवाजे आणि बोलून लागणारे दिवे यांच्याआधी साधे पाण्याचे मीटर यायला हवेत. महापालिकेच्या नळावर, बोअरवर, टँकरच्या टाकीवर आणि एसटीपीतून परत येणाऱ्या पाण्यावर. कोट्यवधींच्या प्रकल्पात हे चार मीटर नसतात, याचं मला आजही वाईट वाटतं.

गच्चीवरच्या सौर पॅनेलांविषयीही मोकळेपणाने बोलायला हवं. बावीस मजल्यांची, मजल्याला चार घरांची इमारत घ्या. घरं अठ्ठ्याऐंशी, गच्ची साधारण 4,500 चौरस फुटांची. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आगीच्या वेळी मोकळी ठेवायची जागा आणि सौर बंब वजा केले की पॅनेलांना 2,000 चौरस फूट मिळाले तर पुष्कळ झाले. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट लागतात, म्हणजे 20 किलोवॉट. पुण्यात एका किलोवॉटमधून दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. झाले 80 युनिट. घरामागे एक युनिटही नाही, आणि दोन बेडरूमच्या घराला रोज पाच-सहा युनिट सहज लागतात. तीच गच्ची चार मजली, सोळा घरांच्या इमारतीवर असती तर प्रत्येक घराच्या वाट्याला पाच युनिट आले असते.

म्हणून पॅनेल लावू नयेत असं मी म्हणत नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल त्यातून बरंच उतरतं, आणि पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदानही आहे. पण उंच इमारत स्वतःच्या गच्चीवर जगू शकत नाही. तिला विजेची गरजच कमी ठेवावी लागते, आणि ती कमी राहते भिंत, खिडकी आणि सावली यांच्या जोरावर.

आयुक्त महोदय, इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. इमारतीचा टिकाऊपणा दोन ठिकाणी असतो. काही तिच्या यंत्रांत असतो, काही तिच्या अंगात. यंत्रातला माणसावर, पैशावर आणि करारावर अवलंबून असतो. अंगातल्याला एएमसी लागत नाही. योग्य जागी काढलेला छज्जा कमिटी बदलली म्हणून सावली द्यायचा थांबत नाही. तरीही आपल्या नव्या इमारतींचं अंग दिवसेंदिवस उघडं पडत चाललं आहे आणि त्याची भरपाई यंत्रांनी करायची धडपड चालू आहे.

पुण्यात सध्या बऱ्याच उंच इमारती मायवान पद्धतीने उभ्या राहतात. ॲल्युमिनियमच्या साच्यांत घराच्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतल्या जातात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, इमारत भूकंपात चांगली टिकते. हे फायदे खरे आहेत. पण 150 मिलिमीटरच्या उघड्या काँक्रीटच्या भिंतीतून जितकी उष्णता आत येते, ती 200 मिलिमीटरच्या, हलक्या सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा चार-पाच पट असते. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता बेडरूममध्ये सोडत राहते. बाहेर हवा उतरलेली असते, वारा सुटलेला असतो आणि आत माणसं एसी लावून झोपतात. सुमारे 560 मीटर उंचीवर वसलेल्या, उन्हाळ्यातही रात्री निवणाऱ्या या गावात आपण अशी घरं बांधतो आहोत, जी दिवसाची तलखी रात्रीपर्यंत पुरवून ठेवतात.

यावर उपाय नाही असं नाही. मायवानच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर देता येतो. त्या बाजूला जिना, लिफ्ट, संडास-बाथरूम घेता येतात. बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, 2018 च्या इको निवास संहितेत तर यासाठी मापच दिलं आहे. छत सोडून इमारतीच्या बाह्य कवचातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॉटपेक्षा जास्त असू नये. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते, हा फरकही ही संहिता मोजते. नकाशा मंजुरीच्या टप्प्यावर हे तपासायला वास्तुरचनाकाराने भरलेला एक तक्ता पुरतो.

वास्तुरचनाकार मित्रमैत्रिणींनो, हे आपल्याला शिकवण्याची माझी पात्रता नाही, आणि गरजही नाही. 1807 साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात आजही दुपारी चौकात उभं राहिलं की हवा कशी खेळते ते कळतं. इतक्या लांब कशाला, विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पाहा. चार्ल्स कोरिया यांनी काळ्या दगडाच्या भिंती, चौक आणि कुंड यांच्या भोवती ती संस्था रचली, त्याही वेळी संगणकांची आणि आधुनिक कामांची गरज होतीच. हडपसरच्या सुझलॉन वन अर्थमध्ये ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी इमारती बुटक्या ठेवल्या, चौक काढले, काचेवर बाहेरून पट्ट्यांची सावली धरली, आणि मग पवन व सौर यंत्रणा जोडल्या. 'लीड' या आंतरराष्ट्रीय मानांकनाचं प्लॅटिनम आणि 'गृहा'चे पाच तारे तिला मिळाले, पण मला त्या कामात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी अंग, मग यंत्र. बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यावर पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींमध्ये हा क्रम उलटा झाला आहे. एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, स्वच्छ दिसावं म्हणून छज्जा गेला आणि त्याच्या जागी जास्त टनांचा एसी आला. क्लायंट ऐकत नाही ही तुमची अडचण मी पुष्कळ बैठकांत पाहिली आहे. महापालिकेने नियम घट्ट केला तर त्या बैठकीत तुमचीच बाजू भक्कम होईल.

जमिनीखालची गोष्टही याला जोडलेली आहे. पुण्याखाली बेसॉल्ट आहे, आणि त्याच्या भेगांतून, झिजलेल्या थरांतून पाणी वाहतं. अॅक्वाडॅम या पुण्यातल्याच संस्थेने शहराच्या या भूजलाचा आणि बावधनसारख्या ठिकाणच्या झऱ्यांचा अभ्यास केला आहे. टेकडीच्या पायथ्याशी पार्किंगसाठी दोन-तीन मजली तळघरं खोदली की हे थर कापले जातात. तळघरात पाणी झिरपतं आणि पंप ते बारा महिने गटारात फेकत राहतो. वर त्याच इमारतीत टँकर येत असतात. मी पाहिलेल्या एकाही मानांकनाच्या अर्जात पावसाळी पाण्याच्या शोषखड्ड्याचे गुण घेताना या उपशाची वजाबाकी केलेली नव्हती. हे पाणी गाळून फ्लशला आणि बागेला वापरता येतं. एक टाकी आणि एक मीटर, एवढाच खर्च.

पुनर्विकासाचाही हिशेब व्हायला हवा. कोथरूड-एरंडवण्यात पन्नासेक वर्षांच्या तीन मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. काही इमारती खरोखर धोकादायक होत्या, काही नव्हत्या. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के मानला जातो. नव्या टॉवरच्या हरित मानांकनाशेजारी, पाडलेल्या इमारतीचा किती टन राडारोडा निघाला आणि तो कुठे गेला, एवढं तरी लिहिलेलं असावं.

मोजलं की काय होतं, याची उदाहरणं आहेत. इन्फोसिसने हैदराबादच्या पोचारम कॅम्पसमध्ये एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवली, दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधून थंड पाणी फिरवलं. दोन्ही भागांची वीज वेगवेगळी मोजली, तेव्हा दुसऱ्या भागात ती सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. कार्यालयीन इमारतींसाठी बीईईची तारांकन योजना 2009 पासून आहे, आणि तिच्यात तारे मिळतात ते वर्षभराच्या प्रत्यक्ष विजेवर, दर चौरस मीटरला किती युनिट या हिशेबाने. न्यूयॉर्क शहरात 25,000 चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना आपला वापर दरवर्षी शहराला कळवावा लागतो. 2020 पासून त्यावरून ठरलेली श्रेणी प्रवेशद्वाराशी लावणंही सक्तीचं आहे. आकडे दिले नाहीत तर थेट 'एफ' श्रेणी.

पुण्याला हे जमण्यासारखं आहे. पर्यावरणपूरक घरांचा 'इको-हाउसिंग' कार्यक्रम आपल्या महापालिकेने देशात फार लवकर हाती घेतला होता. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत पुणेकरांना माहीत आहे. ही सवलत पूर्णपणे आपल्या अखत्यारीत आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. प्रकल्प बसवल्याचा दाखला एकदा घेऊन भागवण्याऐवजी दरवर्षी एक पानाचा तक्ता मागावा. सौर मीटरवर किती युनिट नोंदले गेले, एसटीपीतून किती पाणी परत वापरलं, किती टँकर आले. सौर युनिट आणि टँकर यांचे आकडे सोसायटीच्या बिलांत आणि वहीत असतातच, एसटीपीच्या पाण्यासाठी तेवढा एक मीटर बसवावा लागेल. ज्या सोसायटीचं काम चांगलं चालतं तिला जास्त सवलत मिळावी. जिचं अडलं आहे तिला नोटिशीआधी तांत्रिक मदत मिळावी. सभासदांच्या घरातल्या वापरात डोकावण्याचा इथे प्रश्नच येत नाही, सामायिक मीटर पुरेसे आहेत.

वाढीव एफएसआयचा नियम नगरविकास विभागाचा आहे. त्यात बदल करण्याची शिफारस आपण करावी, अशी विनंती आहे. बांधून झालेला मजला परत घेता येत नाही, हे मला समजतं. म्हणून सवलतीच्या किमतीच्या प्रमाणात विकासकाकडून बँक हमी घ्यावी आणि घरं बहुतांश भरल्यावर तीन वर्षांचे आकडे कबूल केलेल्या मर्यादेत आले की ती सोडावी. विकासकाला तीन वर्षं यंत्रणेत रस उरला, तर एसटीपी आपोआप दोन टप्प्यांत बांधला जाईल. भोगवटा देताना पाण्याचे मीटर, प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे काढलेले नकाशे आणि बीएमएसचे पासवर्ड सोसायटीच्या हातात पडले की नाही, हेही पाहिलं जावं.

बांधकाम व्यावसायिकांनो, आपल्यापैकी काही जण ताबा दिल्यानंतरही यंत्रणा नीट चालवून दाखवतात. अशांबरोबर मी काम केलं आहे. आज त्यांच्या कामाला आणि नुसता फलक लावणाऱ्याच्या कामाला बाजारात एकच किंमत मिळते. आकडे जाहीर झाले तर पहिला फायदा त्यांचा होईल.

आणि हे सगळं महापालिकेने आधी स्वतःच्या घरात करावं. शिवाजीनगरची मुख्य इमारत, क्षेत्रीय कार्यालयं, नाट्यगृहं, रुग्णालयं यांचा गेल्या वर्षीचा विजेचा आणि पाण्याचा वापर, चौरस मीटरच्या हिशेबाने, येत्या अंदाजपत्रकाबरोबर प्रसिद्ध करावा. अशा तक्त्याचा एक मसुदा मी तयार केला आहे. तो मराठीत आहे, एका पानाचा आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला अभियंत्याशिवाय भरता येईल असा आहे. आपल्या बांधकाम परवानगी आणि विद्युत विभागांतल्या अधिकाऱ्यांसमोर तो मांडण्यासाठी वेळ मिळावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
इमारत-सेवा अभियंता, कोथरूड, पुणे